पाच शे, पाचशे

माझी पहिली नेमणूक शिंदखेडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मी सातारा जिल्ह्यातली. तापी तोवर फक्त नकाशात पाहिलेली. तिसरीच्या वर्गात हजेरी घेताना एका मुलीला मी तिचा नंबर विचारला. ती उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘‘मना नंबर पाच शे.’’ वर्गात सगळी मिळून चौतीस मुलं. मी हसले आणि म्हणाले, ‘‘पाचशे? एवढी मुलं कुठायत गं आपल्याकडे?’’ मग वर्गही हसला. बाई हसल्या म्हणून हसला. तिचं काय चुकलं हे त्यांनाही कळलं नव्हतं, कारण चुकलेलं काहीच नव्हतं. ती खाली बसली. पुढे कितीतरी दिवस ती हजेरीला नुसता हात वर करायची.

अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. माझा नंबर पाच आहे, एवढंच ती म्हणाली होती. शाळेत पाणी भरणाऱ्या मावशींनी मला ते सांगेपर्यंत आठवडा गेला होता. त्या रात्री मी शंभर पानी वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं: शे = आहे. या पुस्तकातली ती पहिली नोंद.

एखादा छोटा शब्द, उच्चारायला क्षणभरही न लागणारा, वेगवेगळ्या भाषांत अगदी वेगवेगळे अर्थ घेऊन कसा नांदतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय जगभरचा आहे. पण मी तो खानदेशात बसून पाहिला, आणि त्यासाठी खानदेशासारखी जागा शोधून सापडली नसती. धुळ्याच्या आणि जळगावच्या गावागावांत अहिराणी आहे. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा बोली. सातपुड्यात पावरी आणि भिलीच्या कितीतरी तऱ्हा, पश्चिमेला मावची आणि कोकणी. चाळीसगाव-पारोळ्याकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोर बोली, गुजर कुटुंबांत गुजरी, पेढ्यांवर मारवाडी आणि गुजराती, मोहल्ल्यांत उर्दू. शाळेत मराठी. या सगळ्या एकाच आर्य कुळातल्या, लांबच्या-जवळच्या नातलग. पण सातपुड्याच्या कडेने पूर्वेला सरकत गेलं की बऱ्हाणपूर आणि मेळघाटाकडे कोरकू ऐकू येते. ती मुंडा कुळातली; तिचं नातं थेट झारखंडच्या संथाळी-मुंडारीशी. तिच्यात पाण्याला ‘डा’ म्हणतात. आणि जळगाव जामोदच्या आसपास निहाली भेटते, तिच्यात पाणी म्हणजे ‘जोप्पो’. हे जळगाव आमचं नव्हे, बुलढाणा जिल्ह्यातलं. एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी राहतात याचा दाखला गावांच्या यादीतही आहे. निहालीचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. कुइपर या डच अभ्यासकाने १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. शेजारच्या भाषांकडून तिने भरपूर शब्द घेतले आहेत, तरी सुमारे चौथा हिस्सा शब्दांना त्याला कुठेच जोड मिळाली नाही. एसटीने एका दिवसात जाता येईल एवढ्या टापूत भाषांची तीन मुळं आहेत, आणि त्यांतल्या एकाला दुसरी फांदीच नाही.

‘शे’चंच आधी बघू. ‘पाचशे’मधलं ‘शे’ संस्कृत ‘शत’पासून आलं. प्राकृतात त्याचं ‘सअ’, ‘सय’ झालं आणि झिजत झिजत मराठीत ‘शे’ उरलं. ‘शेकडा’ या शब्दात तेच आहे. ‘आहे’ अर्थाच्या ‘शे’चा उगम मात्र निराळा. गुजरातीत ‘छे’, गोर बोलीत ‘छ’, नेपाळीत ‘छ’ हे त्याचं खरं गणगोत. आता मराठीचं आणि ‘छ’चं फारसं जमत नाही. हिंदी माणसाला छींक येते, आपल्याला शिंक. गुजराती गोठ्यात छाण पडतं, आपल्याकडे शेण. हिंदीतली छुरी आपल्या स्वयंपाकघरात सुरी होते. त्याच वळणाने ‘छे’चं ‘शे’ झालं. शब्द गुजरातीच्या घरचा, उच्चार मराठीच्या वळणाचा. तापीच्या खोऱ्यात हेच व्हायचं.

म्हणजे ‘छ’ आणि ‘शे’ दिसायला वेगळे, पण रक्ताचे भाऊ. आणि ‘पाचशे’तलं ‘शे’ व ‘पाच शे’तलं ‘शे’ दिसायला जुळे, पण एकमेकांचे कोणी नव्हेत. या विषयात शिरू पाहणाऱ्याने एवढी एक गोष्ट आधी हाडीमाशी भिनवून घ्यावी: सारखेपणा आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे दोन झऱ्यांचं पाणी एका अक्षरात आलं आहे आणि त्यांना वेगळं राखतो तो इवलासा विराम. ‘पाच’ म्हणून किंचित थांबलं की पुढचं ‘शे’ म्हणजे ‘आहे’. त्या मुलीने तो विराम घेतला होता. मला तो ऐकू आला नाही, कारण माझ्या मराठीत त्या जागी थांबायची गरजच नव्हती.

आता जरा लांब जाऊ. आयर्लंडच्या आयरिश भाषेत ‘शे’ म्हणजे ‘तो’, आणि ‘सहा’सुद्धा. ‘ती’साठी तिथे ‘शी’ आहे. हंगेरियनमध्ये ‘शे’ म्हणजे ‘हेही नाही’ यातला नकार. हिब्रूत ‘शे’ पुढच्या शब्दाला चिकटून येतो आणि ‘जो’, ‘की’ असं काम करतो. चिनीत चढत्या सुरात म्हटला तर साप, आणि त्याच सुरात पण दुसऱ्या चिन्हाने लिहिला तर जीभ. चिनी उच्चार खरं तर ‘ए’कडे जात नाही, ‘अ’कडे झुकतो. रोमन लिपीत लिहिल्यामुळे तो आपल्याला ‘शे’ वाटतो, आणि लिपीमुळे होणारी अशी फसगत या वाटेवर पुन्हा पुन्हा भेटते. यांतली आयरिश ही मराठीची हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली नातलग. हंगेरियन, हिब्रू आणि चिनी यांच्याशी आपलं कसलंही नातं प्रस्थापित झालेलं नाही.

इतके योगायोग होतात कसे? पहिलीच्या वर्गातला बाराखडीचा तक्ता आठवा. पस्तीस-छत्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं. सगळी मिळून सव्वाचारशेच्या आसपास घरं. जगात भाषा सात हजारांच्या घरात. बहुतेक भाषांना ‘आहे’, ‘नाही’, ‘मी’, ‘तू’, ‘ये’, ‘जा’ यांसाठी शब्द लागतात, आणि जो शब्द रोज हजारदा तोंडात येतो तो झिजून आखूड होतो. घरं थोडी, बिऱ्हाडं अफाट. एका खोलीत दहा जण राहिले तर नवल नाही. लांब शब्दांचं असं होत नाही. ‘किंकर्तव्यमूढ’ हा शब्द दुसऱ्या एखाद्या कुळातल्या भाषेत वेगळ्या अर्थाने सापडेल ही आशाच नको.

‘बा’ ही अशीच एक गजबजलेली खोली. मराठीत बा म्हणजे बाप, आणि विठोबा-खंडोबा-जोतिबातला आदर. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे; फलाटाच्या एका टोकाला ‘बा’ अशी हाक मारली तर बाप वळून पाहील आणि दुसऱ्या टोकाला आई. कस्तुरबांना सारा देश बा म्हणत होता तो याच अर्थाने. कर्नाटकात ‘बा’ म्हणजे ‘ये’. उर्दू-फारसीत ‘सह’, जसं बाअदब. व्हिएतनामीत तीन. चिनीत एका सुरात आठ, दुसऱ्या सुरात बाप. आयरिशमध्ये गाई. प्राचीन इजिप्तमध्ये ‘बा’ हे आत्म्याचं एक रूप होतं आणि तिथले चित्रकार ते माणसाचं डोकं असलेल्या पक्ष्यासारखं काढत.

चिनी ‘बा’ म्हणजेही बाप, हे कळल्यावर मला नातं जोडायचा मोह झाला होता. तो मोडला रोमान याकोबसनच्या लेखाने. १९६०च्या सुमारास या भाषाशास्त्रज्ञाने विचारलं की जगभर आई-बापांचे शब्द मा, पा, बा, दा अशाच वळणाचे का? त्याचं उत्तर तान्ह्या मुलाच्या ओठांत होतं. अंगावर पिताना ओठ मिटलेले असतात, नाकातून ‘म’सारखा आवाज निघतो, पुढे ओठ मिटून उघडले की ‘ब’, ‘प’ निघतात. मूल काही म्हणत नसतं. आई-बापच त्या आवाजात स्वतःला ऐकतात आणि तो शब्द ठरतो. म्हणजे काही जुळण्या निव्वळ योगायोगाच्या असतात आणि काहींना कारण असतं. पण ते कारण भाषांच्या नात्यात न सापडता माणसाच्या देहात सापडतं.

या विद्येचा इतिहास बहुतेक जण १७८६ पासून, विल्यम जोन्सच्या कलकत्त्यातल्या भाषणापासून सांगतात. मला हजाराहून जास्त वर्षं अलीकडचा हा आरंभ पटत नाही. आपल्याकडे हा प्रश्न मीमांसकांनी विचारला होता, आणि तोही नेमका आपल्याला हवा तसा. वेदात असे काही शब्द आहेत जे शिष्टांच्या बोलण्यात उरले नाहीत, पण त्या काळी ज्यांना म्लेंच्छ म्हणत त्यांच्या तोंडी आहेत: पिक, नेम, सत, तामरस. यांचा अर्थ कसा ठरवायचा? व्याकरणाने धातू शोधून अर्थ बसवायचा, की जे लोक तो शब्द वापरतात त्यांना विचारायचं? जैमिनीच्या सूत्रांवरच्या भाष्यात शबरस्वामींनी निवाडा दिला की वापरणाऱ्यांचा अर्थ घ्या. पिक म्हणजे कोकीळ, नेम म्हणजे अर्धा. (फारसीतलं ‘नीम’ म्हणजेही अर्धा. ‘नीम हकीम’ म्हणजे अर्धवट वैद्य. कडुनिंबाचा पाला देणारा वैद्य अशी त्याची फोड मी एका शिक्षक-शिबिरात ऐकली आहे.) हे खरं, की त्याच चर्चेत, जो शब्द दोघेही वेगवेगळ्या अर्थांनी वापरतात तिथे मान शिष्टांच्या अर्थाला दिलेला आहे. तो भाग मला पटत नाही. माझ्या वर्गात नेमकं तेच घडलं होतं.

सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी या चर्चेत जी उदाहरणं घातली ती वाचताना मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. द्राविड भाषेतले शब्द ऐकून त्यांच्यावर संस्कृत अर्थ लादणाऱ्या पंडितांना ते अडवतात. दक्षिणेत ‘चोर्’ म्हणजे भात. पंडित त्याला स्वर जोडून चोर करतो. ‘पाप्’ म्हणजे साप. पंडिताला त्यात पाप ऐकू येतं. ‘वैर्’ म्हणजे पोट, पंडिताला वैरी दिसतो. आजच्या तमिळमध्येही भाताला चोरु, सापाला पांबु आणि पोटाला वयिरु म्हणतात, म्हणजे भट्टांचे कान पक्के होते. आणि पुढे ते विचारतात की द्राविडांच्या बाबतीत ही तऱ्हा, तर पारसी, बर्बर, यवन, रोमक यांच्या शब्दांचं तुम्ही काय कराल? परक्याच्या तोंडचा शब्द आपल्या भाषेच्या कानाने ऐकला की कोणती चूक होते, याचं इतकं नेमकं निदान त्या काळात आणखी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

कोशकारांची वाट वेगळी. अमरकोशात नानार्थवर्ग आहे, बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रांनी अनेकार्थसंग्रह रचला. एकाच भाषेच्या आत एका शब्दाचे किती अर्थ, हे त्यांनी मोजलं. भर्तृहरींनी त्याहून पुढचा प्रश्न घेतला: अर्थ अनेक असतील तर ऐकणारा नेमका एक कसा निवडतो? सोबतचे शब्द, प्रकरण, औचित्य, देश, काल, स्वर अशी निवडीची साधनं त्यांनी सांगितली. शास्त्रग्रंथांतलं नेहमीचं उदाहरण ‘सैंधव’चं. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधकडचा घोडा. जेवणाच्या पानावरून कुणी सैंधव मागितलं तर मीठ वाढायचं. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात मागितलं तर लगाम हातात द्यायचा. भर्तृहरींच्या यादीतला ‘देश’ हा शब्द मी माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केला आहे. आणि स्वरही. ‘पाच’नंतरचा तो विराम त्यातच बसतो.

युरोपात एकोणिसाव्या शतकात जे घडलं ते याहून वेगळं आणि तितकंच मोलाचं. नातं एका शब्दाच्या दिसण्यावरून ठरवायचं नाही, आवाजांच्या नियमित फरकावरून ठरवायचं, ही तिथली शिस्त. ती समजायला खानदेशाइतकी सोपी शाळा नाही. इथे ‘ळ’चा ‘य’ होतो. काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, शाळा म्हणजे शाया. एखादाच शब्द असा असता तर ती जिभेची सवय म्हणता आली असती. रांगच्या रांग तशी आहे म्हणून तो नियम. जळगावला इथे कितीतरी जण जयगाव म्हणतात. नियम माहीत नसलेला पाहुणा त्यात विजय शोधील. फळ्यावर ‘काया’ लिहिणाऱ्या मुलाला शरीर म्हणायचं नसतं, रंग म्हणायचा असतो. हाच काया तुर्कस्तानात खडक होतो, मलाय भाषेत श्रीमंत आणि जपानीत मच्छरदाणी. पण त्यांना ‘ळ’च्या या नियमाशी काही देणंघेणं नाही.

नियम नसला की कसं फसतं याचे दोन दाखले भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहेत. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’, दोन्ही म्हणजे वाईट, उच्चारही जवळचा, आणि दोन्हींचं मूळ वेगवेगळं. दुसरा दाखला ऑस्ट्रेलियाचा. १९६०च्या दशकात डिक्सन हा अभ्यासक क्वीन्सलंडमध्ये म्बाबरम ही मरणपंथाला लागलेली भाषा टिपून घेत होता. त्याने कुत्र्याला काय म्हणतात विचारलं. उत्तर आलं, ‘डॉग’. इंग्रजीतून घेतलेला शब्द असेल असं आधी वाटलं, पण शेजारच्या भाषांशी आवाज पडताळल्यावर तो तिथल्याच मातीतला निघाला.

महाराष्ट्रात या विद्येचं एक मोठं पीठ धुळ्यात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षं धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचा मराठी धातुकोश आणि नामांचा व्युत्पत्तिकोश धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने नंतर छापले. त्या कोशांच्या पानांवर एका माणसाने एकट्याने किती नांगरट केली हे पाहून मान लवते. पण त्यांचा ओढा प्रत्येक मराठी शब्द संस्कृत धातूपर्यंत नेऊन पोचवण्याकडे होता, आणि कित्येक ठिकाणी तो धातू ओढून आणल्यासारखा वाटतो. उलट टोकाला विश्वनाथ खैरे यांनी मराठी शब्द आणि बडबडगीतंसुद्धा तमिळच्या उजेडात वाचली. त्यातलं सगळं मला मान्य नाही, पण दक्षिणेकडची खिडकी उघडल्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दोन्ही वाटांवर धोका एकच: आवाज जुळला की मन धावत सुटतं. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश या दोन्हींपेक्षा सावधपणे चालतो, म्हणून माझ्या टेबलावर तो नेहमी उघडा असतो.

‘खानदेश’ या नावालाच पाहा. फारूकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबावरून ते आलं असं एक मत. कान्हाचा, म्हणजे कृष्णाचा देश म्हणून कान्हदेश असं दुसरं. श्रावणात घरोघर बसणाऱ्या कानबाईतला ‘कान’ही तोच असं मानणारे आहेत. १६०१ साली असीरगड घेतल्यावर अकबराने मुलगा दानियालच्या नावाने या मुलखाला दानदेश केलं, पण ते नाव लोकांच्या तोंडी रुळलं नाही. मराठीत कान ऐकण्याचा, फारसीत कान म्हणजे खाण, तुर्कीत कान म्हणजे रक्त. ‘खान’, ‘कान’ या नोंदीला मी सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि निकाल दिलेला नाही.

अहिराणीच्या अभ्यासाचा आरंभ ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणापासून धरतात. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीला भिल्ल भाषांच्या शेजारी, मराठीपेक्षा गुजरातीजवळ बसवलं आहे. तेव्हापासून ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद चालू आहे. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी तिचा शब्दकोश आणि भाषावैज्ञानिक अभ्यास सिद्ध केला, डेक्कन कॉलेजच्या बोली-सर्वेक्षणाने गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित केले, म्हणून आज हा वाद पुराव्यांनिशी करता येतो. ‘गावना’, ‘घरमा’, ‘मले’ ही तिची रूपं आणि ‘शे’ हे क्रियापद यांच्याकडे पाहून मी तिला स्वतंत्र भाषा मानते. लेवा बोलीचं भाग्य निराळं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींमुळे ती साऱ्या महाराष्ट्राच्या कानात आहे, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. तरी यावल-रावेरच्या शाळांत ‘डोया’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत अजूनही लाल फुली पडते.

हे आत्ताच का लिहायचं? जनगणनेत २००१ साली खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं कमी झाली. ती कुठे गेली नाहीत. माझा अंदाज असा की त्यांनी रकान्यात दुसऱ्या भाषेचं नाव सांगितलं. ज्या घरातल्या शब्दाला शाळेत हसलं जातं, त्या घरातलं मूल मोठं होऊन प्रगणकापुढे हेच करणार. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आम्ही शिक्षकांनी पेढे वाटले. दोन्ही चांगलं झालं. पण अभिजात मराठीच्या बाईंना समोरच्या पोरीचा ‘शे’ ऐकू आला नाही, तर त्या पोरीला यातलं काय मिळालं? आता तर फोनही ऐकतात. मी माझ्या फोनपुढे थांबून, नीट, ‘मना नंबर पाच शे’ म्हणून पाहिलं. त्याने आकड्यात ५०० लिहिलं. मी जी चूक एका वर्गात केली ती यंत्र लाखो घरांत करील, आणि त्याला चूक दाखवणाऱ्या मावशी त्याच्या आसपास नसतील.

या पुस्तकात मी एक नियम पाळला आहे: शब्द दोन अक्षरांहून मोठा नको. प्रत्येक नोंदीची सुरुवात खानदेशातल्या एखाद्या तोंडापासून होते. बाजारात, बांधावर, दवाखान्याच्या रांगेत, केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रकपाशी तो शब्द कोण कुणाला म्हणालं, कोणत्या अर्थाने म्हणालं, हे आधी. त्याचं घराणं कोणतं, हे नंतर. मग दूरच्या भाषांतले त्याचे जुळे, आणि ते नातलग आहेत, योगायोग आहेत की उसने आलेले आहेत याचा माझ्या कुवतीप्रमाणे निवाडा. जिथे दोन शब्द एका भाषेतून दुसरीत गेले आहेत तिथे तो प्रवास दाखवला आहे, कारण शेजाऱ्याकडून विरजण आणावं तसे शब्द आणले जातात आणि पुढचं दही आपल्या भांड्याचं होतं. पावरी, मावची आणि भिलीच्या नोंदी कमी आहेत. त्या भाषा मला बोलता येत नाहीत, आणि बोलणाऱ्याने स्वतः अर्थ सांगितला नाही असा एकही शब्द मी घेतलेला नाही. या बाबतीत मी शबरस्वामींच्या निवाड्याखाली आहे.

हा शब्दकोश नव्हे, त्यामुळे अकारविल्हे शोधायला जाऊ नका. कुठलंही पान उघडून वाचता येईल. शिक्षकांनी मात्र ‘शे’, ‘ना’, ‘मा’, ‘ले’ या चार नोंदी आधी वाचाव्यात ही माझी हात जोडून विनंती आहे. अहिराणीचं निम्मं व्याकरण त्या चार अक्षरांत आहे आणि पहिली-दुसरीच्या वह्यांतल्या निम्म्या फुल्याही त्यांच्यावरच पडतात.

एक आठवण मुद्रणाची. पहिलं प्रूफ आलं तेव्हा जुळणी करणाऱ्याने शीर्षकापासून शेवटपर्यंत जिथे जिथे ‘पाच शे’ होतं तिथे तिथे ते जोडून ‘पाचशे’ केलं होतं. मी प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारून जागा सोडायला सांगितलं. दुसऱ्या प्रुफात निम्मे पुन्हा जोडलेले. तेव्हा मी छापखान्यात गेले, त्याच्या शेजारी बसले आणि त्याला दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. तो ऐकत राहिला. मग त्याने ती स्वतः म्हणून पाहिली, एकदा थांबून, एकदा न थांबता. तिसऱ्या प्रुफात प्रत्येक ठिकाणी जागा सुटलेली होती.